राज्यसभेतील डॉ. आंबेडकर : एक वाक्य आणि साडेचार वर्षे

कायदेमंडळात झालेले भाषण हे वाङ्मय होय की नव्हे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या आमच्या पिढीने बर्कची भाषणे पाठ्यपुस्तके म्हणून वाचली, त्यांतील अलंकारांवर टिपणे लिहिली आणि त्यांवर परीक्षाही दिल्या. परंतु आपल्याच देशातील कायदेमंडळांत शंभर-सव्वाशे वर्षे जे बोलले गेले, त्याची बाडे सरकारी ग्रंथालयांच्या कपाटांत पडून आहेत आणि त्यांची पाने कापण्याचे कष्टही क्वचितच कोणी घेतले आहेत. वर्तमानपत्रांतून एखादे चमकदार वाक्य तेवढे बाहेर येते. ते वाक्य मग भाषणापासून तुटून स्वतंत्रपणे संचार करू लागते आणि काही काळाने मूळ भाषण असे काही होते, याचाच विसर पडतो.

हे विचार मनात येण्यास निमित्त झाले ते एका वक्तृत्वस्पर्धेचे. परीक्षक म्हणून आम्हांस तेथे बसावे लागले होते. विषय भारतीय राज्यघटनेचा होता. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने डॉ. आंबेडकरांची थोरवी गायिली. त्याच्यामागून प्रतिकूल बाजूचा विद्यार्थी उठला आणि त्याने एकच प्रश्न टाकला : ज्यांनी घटना केली तेच ती जाळण्यास निघाले होते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुकूल बाजूस उत्तर सुचले नाही. स्पर्धा संपल्यावर आम्ही त्या दुसऱ्या विद्यार्थ्यास जवळ बोलावून विचारले की, हे उद्गार त्यांनी कोठे, केव्हा आणि कशासंबंधाने काढले? त्यास ते सांगता आले नाही. आणि खरे सांगावयाचे तर, त्या क्षणी आम्हांसही ते नीटसे सांगता आले नसते. वर्ष आठवत होते, प्रसंग आठवत नव्हता. विद्यार्थ्यास दोष द्यावा, तर तो आधी शिक्षकाच्या पदरी पडतो. घरी आल्यावर आम्ही महाराष्ट्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, कै. वसंत मून यांनी संपादिलेल्या आंबेडकर-ग्रंथमालेचा पंधरावा खंड काढला आणि त्यातील राज्यसभेचा भाग प्रथमच सलग वाचला. त्या वाचनाचे फलित वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. 1951 च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची जी वाताहत झाली, ती त्यामागील एक मुख्य कारण होते. पुढील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून लोकसभेसाठी ते उभे राहिले व पराभूत झाले. त्यानंतर 1952 साली मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांस वरिष्ठ सभागृहावर निवडून दिले. या सभागृहाची पहिली बैठक 13 मे 1952 रोजी भरली. उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् हे सभापतीच्या आसनावर होते. 'राज्यसभा' हे नाव 1954 च्या ऑगस्टपासूनचे आहे, परंतु सोयीसाठी आम्ही सर्वत्र तेच वापरीत आहोत. त्या दिवसापासून 6 डिसेंबर 1956 रोजी देहावसान होईपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे, डॉ. आंबेडकर या सभागृहाचे सभासद होते.

वरिष्ठ सभागृहाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोकांनी ज्यास नाकारले त्यास मागील दाराने आत घेण्याची ही सोय आहे, असे म्हणतात. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. खुद्द डॉ. आंबेडकरांनीही घटनासमितीत राज्यांतील वरिष्ठ सभागृहांची तरतूद केवळ प्रयोगादाखल आहे, असेच म्हटले होते, आणि ती सभागृहे मोडण्याचा मार्गही घटनेत सोपा ठेवला होता. राज्यसभेचे अधिकारही बेताचेच. पैशासंबंधीचे विधेयक तिला चौदा दिवसांपलीकडे अडवून धरता येत नाही आणि तिच्या मताने मंत्रिमंडळ पडत नाही. अशा ठिकाणी, हाताशी पुरेसे अनुयायी नसलेल्या, प्रकृतीने खचलेल्या आणि नुकताच पराभव पत्करलेल्या मनुष्याने काय करावे? मत देऊन काही साधण्यासारखे नव्हते. उरले ते एवढेच की, बोलावे आणि ते बोलणे नोंदले जावे. म्हणून या साडेचार वर्षांचे मूल्यमापन करताना किती ठराव जिंकले हा हिशेब निरर्थक होय. काय नोंदले गेले आणि त्यातील काय टिकले, हाच खरा हिशेब.

या भाषणांच्या रीतीविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात संसदीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून ना. गोखले यांची मूर्ती उभी असते. गोखले ज्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात बसत, ते आजच्या अर्थाने दुसरे सभागृह नव्हे. परंतु अल्पमतात राहून सरकारशी बोलण्याची कला जी आपण शिकलो, ती तेथेच. 26 मार्च 1902 चे त्यांचे अर्थसंकल्पावरील भाषण घ्या. आकड्यामागून आकडा, विधानामागून पुरावा आणि शेवटी अत्यंत सौम्य शब्दांत अत्यंत कठोर निष्कर्ष. मणामागे अडीच रुपये असलेला मिठावरील कर 1903 साली दोन, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया झाला, त्यात या भाषणांचा वाटा किती हे काटेकोरपणे सांगता येणार नाही, पण तो नाही असे कोणी म्हणणार नाही. गोखल्यांचे वाक्य पाण्यासारखे संथ वाहते. प्रतिपक्षास राग येऊ नये, याची काळजी त्या प्रत्येक शब्दात आहे.

डॉ. आंबेडकरांची रीत याहून अगदी निराळी. तेही अर्थशास्त्राचे पंडित आणि आकड्यांचे जाणकार, परंतु त्यांची घडण न्यायालयात झालेली. ते प्रतिपक्षाची उलटतपासणी घेतात. वाक्ये आखूड, प्रश्न पुष्कळ, मध्येच एखादा घरगुती दृष्टांत, मध्येच उपहासाचा फटका. कोणी मध्ये बोलले तर ते थांबतात, आणि बहुतेक वेळा भाषणातील उत्कृष्ट भाग त्या व्यत्ययाच्या उत्तरातच सापडतो. हे गुण होत. परंतु त्यांच्याच पोटी एक दोषही येतो. उत्तर देण्याच्या आवेशात कधीकधी ते स्वतःच्याच पक्षाची बाजू सोडून बोलतात. ज्या वाक्याचा आम्ही आरंभी उल्लेख केला, ते वाक्य या गुणाचे व या दोषाचे एकाच वेळी उदाहरण आहे.

तो प्रसंग असा. स्वतंत्र आंध्र राज्यासाठी उपोषण करीत पोट्टी श्रीरामुलु यांनी 15 डिसेंबर 1952 रोजी प्राण सोडला. त्यानंतर सरकारने आंध्र राज्य निर्माण करण्याचे विधेयक आणले आणि ते 2 सप्टेंबर 1953 रोजी राज्यसभेत चर्चेस होते. गृहमंत्री डॉ. काटजू यांच्याकडे ते विधेयक होते. डॉ. आंबेडकरांनी प्रथम सरकारच्या चालढकलीवर कडक टीका केली. जे तत्त्व आधीच मान्य झालेले आहे ते अमलात यावे म्हणून एका मनुष्यास मरावे लागते, अन्य देशात अशा सरकारची गत काय झाली असती, असे त्यांनी विचारले. त्यानंतर ते मूळ मुद्द्याकडे वळले. भाषेच्या पायावर राज्य होते तेव्हा त्या भाषेतील एखादी मोठी जात किंवा एखादा मोठा समाज सत्तेवर येतो, आणि लहान समाजांचे काय होते हे पाहणारा कोणी राहत नाही. तेव्हा अशा अल्पसंख्याकांच्या रक्षणाची काही विशेष जबाबदारी व त्यासाठी काही अधिकार राज्यपालास द्यावे, अशी त्यांची सूचना होती.

यावर समोरून अपेक्षित तेच आले : राज्यपालास अधिकार नसावेत अशी घटना तुम्हीच ना केली? हा घाव वर्मी लागला, कारण तो खरा होता. 1949 साली घटनासमितीत राज्यपालाने आपल्या बुद्धीने चालविण्याजोगी सत्ता त्यास नको, या व्यवस्थेचे समर्थन डॉ. आंबेडकरांनीच केले होते. उत्तरादाखल ते म्हणाले की, आपण त्या वेळी भाड्याचे तट्टू होतो, जे सांगण्यात आले ते आपल्या इच्छेविरुद्ध केले. (त्यांनी योजिलेल्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ भाड्याने दिलेला घोडा असाच आहे, म्हणून हा मराठी शब्दप्रयोग त्यास तंतोतंत जुळतो.) आणि पुढे वाद वाढत गेला तेव्हा ते म्हणाले की, मित्र मला सांगतात, घटना तू केलीस, तर ती जाळून टाकण्यासही मीच पहिला पुढे होईन, ती कोणाच्याच उपयोगाची नाही.

लोकांचे वाचन येथे थांबते. भाषण मात्र येथे थांबत नाही. लगेच पुढच्याच वाक्यांत ते असे म्हणतात की, ते काहीही असो, ज्यांना ही घटना चालवावयाची आहे त्यांनी हे विसरू नये की देशात बहुसंख्याक आहेत तसे अल्पसंख्याकही आहेत, आणि तुम्हांस मान्यता दिली तर लोकशाहीस बाध येईल, असे सांगून अल्पसंख्याकांस उडवून लावता येणार नाही. सर्वांत मोठी हानी होईल ती अल्पसंख्याकांस दुखविल्यानेच. हा भाषणाचा गाभा होय. जाळण्याचे वाक्य हा रागाचा उमाळा आहे. ते वाक्य आम्हांस ठाऊक असते आणि हा गाभा ठाऊक नसतो, यात दोष वक्त्याचा किती व श्रोत्यांचा किती, याचा विचार वाचकांनीच करावा.

तथापि टीकाकाराने केवळ वकिली करू नये. 'भाड्याचे तट्टू' हे उद्गार आमच्या मते अन्यायाचे आहेत, आणि तो अन्याय डॉ. आंबेडकरांनी स्वतःवरच केलेला आहे. 25 नोव्हेंबर 1949 चे त्यांचे घटनासमितीतील भाषण ज्याने वाचले आहे, त्यास हे पटावयाचे नाही. त्या भाषणात त्यांनी बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि मसुदा समितीतील सहकारी यांस श्रेय दिले, आणि घटनेचे समर्थनही केले. ते समर्थन सांगकाम्याचे नव्हते. ज्याने एकेक कलम तपासून, झगडून, कोठे जिंकून आणि कोठे हरून सिद्ध केले, त्याचे ते समर्थन होते. मसुदा करणाऱ्यास अनेकदा स्वतःचे मत गिळावे लागते हे खरे, परंतु जो काही वेळा मत गिळतो तो भाडोत्री ठरत नाही. चार वर्षांत मत बदलले, असे सरळ सांगण्यात कमीपणा नव्हता. राज्यपालाचे अधिकार कमी ठेवण्यात माझी चूक झाली, एवढे ते म्हणते तर त्यांचा युक्तिवाद अधिक बळकट झाला असता आणि प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र गेले नसते. गोखले ते तसे म्हणाले असते. परंतु गोखल्यांना जे सोसावे लागले नव्हते ते यांना सोसावे लागले होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

या वाक्याची दुसरी बाजू दीड वर्षाने उजेडात आली. 19 मार्च 1955 रोजी राज्यसभेत चौथ्या घटनादुरुस्तीवर चर्चा चालू असता एका सभासदाने त्या जुन्या उद्गारांची आठवण दिली. डॉ. आंबेडकर म्हणाले की, मागील वेळी उत्तर पुरे करण्यास अवसर मिळाला नाही, आज ते देतो. देव येऊन राहावा म्हणून आपण मंदिर बांधले, परंतु देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच असुराने त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय करावयाचे? यावर कोणीतरी विचारले की, मंदिर कशास पाडता, असुरालाच का घालवीत नाही? त्यावर ते उत्तरले की, ते आपल्याच्याने होणारे नाही, शतपथ ब्राह्मण वाचून पाहा, तेथे देव नेहमी असुरांकडून हरतच आलेले आहेत.

या संवादात विनोद आहे, पांडित्य आहे आणि दोहोंच्या खाली एक मोठी निराशा आहे. वैदिक वाङ्मयाचा असा दाखला त्या सभागृहात त्यांच्या तोंडून यावा, हेही विचार करण्यासारखे आहे. मात्र दृष्टान्ताची मर्यादा आपण ओळखली पाहिजे. मंदिराविषयी त्यांची तक्रार नव्हती, ताबा घेणाऱ्यांविषयी होती. म्हणजे 1953 चे वाक्य आणि 1955 चे वाक्य एकत्र वाचले असता, घटना वाईट आहे असा अर्थ निघत नसून, घटना ज्यांच्या हाती पडली त्यांच्या हेतूंविषयी वक्त्यास भरवसा उरला नव्हता, असा अर्थ निघतो. 1949 साली त्यांनी दिलेला इशारा हाच होता की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल. राग नवा होता. विचार जुनाच होता.

त्याच दिवशीच्या भाषणातील दुसरा भाग याहून कमी प्रसिद्ध, पण कायद्याच्या अभ्यासकास अधिक मोलाचा आहे. चौथी दुरुस्ती मालमत्तेच्या नुकसानभरपाईसंबंधीची होती. 1953 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बेला बॅनर्जी खटल्यात नुकसानभरपाई म्हणजे मालमत्तेचा पुरा मोबदला, असा अर्थ लावला होता, आणि भरपाई पुरेशी आहे की नाही हा प्रश्न न्यायालयाने पाहू नये, अशी तजवीज सरकारला करावयाची होती. डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, मूळ एकतिसावे कलम मसुदा समितीच्या बुद्धीतून निघालेले नाही. पं. नेहरू, सरदार पटेल आणि पं. पंत यांची तीन दिशांस तीन मते होती आणि त्यांच्या तडजोडीतून ते कलम जन्मास आले, ते इतके कुरूप आहे की त्याकडे पाहण्याचीही आपणास इच्छा होत नाही. येथे आम्हांस त्यांच्या 'तट्टू' या शब्दाचा खरा आधार सापडतो. सर्व घटनेविषयी जे अतिशयोक्त होते, ते या एका कलमापुरते बहुतांशी सत्य होते. पुढे अनेक दुरुस्त्यांचे घाव सोशीत ते कलम 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढूनच टाकण्यात आले. त्या कुरूप कलमाविषयीचा कर्त्याचा अभिप्राय पुढील पिढीने अशा रीतीने कायम केला.

परंतु या साडेचार वर्षांतील सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही 16 सप्टेंबर 1954 च्या भाषणाकडे बोट दाखवू. विषय होता अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांसंबंधीचे विधेयक. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता 26 जानेवारी 1950 रोजीच नष्ट केली होती, परंतु ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा अमलात येण्यास 1 जून 1955 उजाडावा लागला. ज्यांनी महाडच्या तळ्यावर सत्याग्रह केला, त्यांनी हे विधेयक केवळ आनंदाने कवटाळावे, अशी सरकारची अपेक्षा असेल. डॉ. आंबेडकर उठले आणि त्यांनी आरंभच केला तो नावापासून.

त्यांचे म्हणणे असे : या विधेयकास दिलेले नाव वाचून असे वाटते की, हे काही क्षुल्लक गोष्टींचे विधेयक आहे. परिटाने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने हजामत केली नाही, मिठाईवाल्याने लाडू विकले नाहीत, अशा किरकोळ बाबींत पार्लमेंटने लक्ष कशास घालावे, असे लोक म्हणतील. वस्तुतः हे विधेयक नागरिकाच्या मूलभूत हक्कांच्या रक्षणाचे आहे. तेव्हा त्याचे नावही नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा अशा अर्थाचे असावे.

वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. पण ज्याने आयुष्य भाषा शिकविण्यात घालविले आहे, त्यास या मुद्द्याचे महत्त्व चटकन पटते. 'अस्पृश्यतेचा गुन्हा' म्हटले म्हणजे दृष्टी गुन्हा करणाऱ्याकडे जाते आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो केवळ साक्षीदार होतो. 'नागरी हक्काचे संरक्षण' म्हटले म्हणजे तोच मनुष्य कायद्याच्या केंद्रस्थानी येतो. पहिल्या नावात दया आहे, दुसऱ्यात हक्क आहे. लाडू मिळाला नाही ही तक्रार हसण्यावारी नेता येते, नागरिकत्व मिळाले नाही ही तक्रार हसण्यावारी नेता येत नाही. परीट, न्हावी आणि मिठाईवाला या तीन घरगुती चित्रांनी वक्त्याने जे केले, ते अनेक पानांच्या तात्त्विक विवेचनाने झाले नसते. संसदीय वक्तृत्वाचा हा अव्वल नमुना आम्ही मानतो. येथे राग आहे, पण तो पूर्णपणे कामाला जुंपलेला आहे. एक शब्दही प्रतिपक्षाच्या उपयोगी पडणारा नाही.

1955 चा कायदा जुन्याच नावाने झाला. वक्ता हरला. त्याच्या निधनाला वीस वर्षे होत आली असता, 1976 साली पार्लमेंटने तो कायदा दुरुस्त केला. शिक्षा वाढविल्या, पूर्वी या गुन्ह्यांत आपसांत तडजोड करून खटला मिटविता येत असे ती वाट बंद केली, आणि कायद्याचे नाव बदलून 'नागरी हक्क संरक्षण कायदा' असे ठेवले. आज तो याच नावाने ओळखला जातो. 1954 च्या एका दुपारी अल्पमतातील एका सभासदाने जे मागितले होते, ते बावीस वर्षांनी कायद्याच्या पहिल्याच ओळीत आले. मागणी करणारा ते पाहण्यास नव्हता.

हे वाचीत असता गोखल्यांची दुसरी आठवण होते. त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1912 च्या मार्चमध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. पुढे 1918 साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला, आणि शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क म्हणून घटनेत येण्यास 2002 साल उजाडले. कायदेमंडळातील पराभूत भाषण हे पेरलेल्या बीजासारखे असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही तसे म्हणणार नाही, कारण बीज आपोआप उगवते, भाषण आपोआप उगवत नाही. ते कोणीतरी पुन्हा वाचावे लागते.

परराष्ट्रधोरणावरील 26 ऑगस्ट 1954 च्या भाषणाचा उल्लेख केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलात चीनशी झालेल्या करारात पंचशीलाची तत्त्वे घातली गेली होती आणि देशभर त्यांचा जयजयकार चालू होता. डॉ. आंबेडकरांनी त्या जयजयकारात सूर मिळविला नाही. पंचशील हा बुद्धाच्या धर्माचा भाग आहे, माओ यांचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांस निराळ्या रीतीने वागविले असते, असे ते म्हणाले, आणि तिबेट चीनच्या हाती जाऊ देण्यात धोका आहे, असेही त्यांनी बजावले. 1962 नंतर या भाषणास भविष्यवाणीचे रूप देण्यात आले आहे. आम्हांस ते फारसे रुचत नाही. भविष्य खरे ठरले म्हणून भाषण मोठे, असे म्हटले तर उद्या एखादे खोटे ठरल्यावर ते लहान म्हणावे लागेल. या भाषणाचे मोल निराळ्या कारणासाठी आहे. जेव्हा सर्व सभागृह एका शब्दाने मोहून गेलेले असते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ विचारणारा एक तरी मनुष्य तेथे असला पाहिजे. नावाविषयी प्रश्न विचारणारा 16 सप्टेंबरचा वक्ता आणि पंचशीलाविषयी प्रश्न विचारणारा 26 ऑगस्टचा वक्ता हा एकच, आणि त्याची पद्धतीही एकच.

उणिवाही आहेत. ही नोंद सलग नाही, तीत मोठमोठी खिंडारे आहेत. प्रकृती ढासळत चालली होती. भाषावार राज्यांचा प्रश्न, ज्यावर त्यांच्याइतके खोल कोणीच बोलू शकले नसते, पार्लमेंटपुढे आला तेव्हा आजारामुळे त्यांस चर्चेत भाग घेता आला नाही आणि आपले म्हणणे 1955 साली पुस्तकरूपाने मांडावे लागले. शिवाय, वरिष्ठ सभागृहात त्यांचे मन पूर्णपणे रमले होते, असेही दिसत नाही. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत लोकसभेसाठी ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पराभूत झाले. लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात बसावे, ही त्यांची इच्छा शेवटपर्यंत अपुरीच राहिली. त्यांच्या काही भाषणांतील कडवटपणा या दुहेरी पराभवाच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. तो क्षम्य ठरविण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरिष्ठ सभागृह हवे कशास? पोक्त विचारासाठी, घाईला आळा घालण्यासाठी, राज्यांच्या प्रतिनिधित्वासाठी, अशी उत्तरे पाठ्यपुस्तकांत मिळतात आणि ती चूक नाहीत. आम्हांस या वाचनाने आणखी एक उत्तर दिले. ज्यास बहुमताने दोनदा नाकारले, परंतु ज्याचे म्हणणे ऐकल्यावाचून राष्ट्राचे चालणार नव्हते, अशा एका मनुष्यास उभे राहून बोलण्यास जागा मिळाली आणि त्याचा प्रत्येक शब्द टिपून घेतला गेला. 1953 साली त्याने अल्पसंख्याकांसाठी राज्यपालाची विशेष जबाबदारी मागितली तेव्हा सभागृहाने त्याची थट्टा केली. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीत मागास विभागांच्या विकासासंबंधी राज्यपालाची विशेष जबाबदारी, विदर्भ व मराठवाडा यांसकट, 371 व्या कलमात आली, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारीही नेमण्याची तरतूद झाली. हे त्याच्याच भाषणामुळे झाले, असा आमचा दावा नाही. राज्यपुनर्रचना आयोगाचाही त्यात भाग होता. परंतु जे अशक्य व लोकशाहीविरोधी म्हणून हसण्यावारी नेले, ते तीन वर्षांत घटनेत बसू शकले, एवढे तरी सिद्ध होते.

ज्या घरांत हे मासिक जाते त्या घरांतील वडील मंडळींस आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी स्पर्धेसाठी भाषण पाठ करीत असेल आणि त्यात कोणा थोर पुरुषाचे एखादे झणझणीत वाक्य असेल, तर त्या वाक्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य कोणते, एवढे अवश्य विचारावे. त्या दिवशी टाळ्या मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही गुण दिले होते, आणि ते थोडे जास्तच दिले होते. गेल्या आठवड्यात तो पुन्हा भेटला तेव्हा आम्ही त्याच्या हाती पंधरावा खंड ठेवला आणि 2 सप्टेंबर 1953 च्या भाषणावर खूण घातली. तो म्हणाला, सर, हे फार मोठे आहे. आम्ही म्हटले, पूर्ण वाच, आणि मग प्रतिकूल बाजूनेच बोल, पण आता नीट बोलता येईल.